वाट बदलली तरी वस्तू तीच?

धरसेनाचार्य म्हातारे झाले होते. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या या जैन मुनींना एकच घोर लागला होता, आपल्याला मुखोद्गत असलेले आगमज्ञान आपल्याबरोबरच संपेल. त्यांनी दक्षिणेकडच्या मुनिसंघाला निरोप धाडला आणि संघाने दोन साधू पाठवले. शिकवायला बसण्याआधी आचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला. एका मंत्रात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्यात एक कमी. दोघांनी जप केला, देवता प्रकटल्या. पण एकीचे दात पुढे आलेले आणि दुसरीला एकच डोळा. देवतेचे रूप असे विद्रूप असत नाही, हे साधूंना ठाऊक होते. त्यांनी मंत्रशास्त्राच्या नियमांनी अक्षरे तपासली, जास्तीचे काढले, कमी पडलेले घातले आणि पुन्हा जप केला. देवता आपल्या खऱ्या रूपात आल्या. धरसेनांना हवे होते ते शिष्य मिळाले. पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी ओळखल्या गेलेल्या याच दोघांनी षट्खंडागम रचला.

ही कथा षट्खंडागमावरच्या वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत येते. शके 738 मध्ये, म्हणजे नवव्या शतकाच्या आरंभी, ही टीका पुरी झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. गुरूने घेतलेली परीक्षा म्हणून कथा सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. ज्ञान कंठातून कंठात जाते, कंठातून ताडपत्रावर उतरते, ताडपत्रावरून कागदावर येते. दर वेळी वाट बदलते. इतक्या वाटा बदलूनही हाती आलेली वस्तू तीच आहे, हे कशावरून म्हणायचे?

हा प्रश्न आजच्या सर्व्हरखोलीतही उभा असतो, आणि तिथे तो टाळता येत नाही. बँकेचे किंवा रुग्णालयाचे काम चालवणारा सर्व्हर आपली सगळी माहिती बहुधा स्वतःच्या पोटात ठेवत नाही. ती वेगळ्या स्टोरेज पेटीत असते आणि तिथवर जायला मुद्दाम एकाहून जास्त वाटा ठेवलेल्या असतात. सर्व्हरमध्ये दोन कार्डे, मध्ये दोन स्विच, पेटीला दोन कंट्रोलर. एक केबल तुटली, एक स्विच बंद पडला, तरी काम थांबू नये ही त्यामागची इच्छा. अडचण अशी की संगणकाला आधी वाट दिसते, वस्तू नंतर. चार वाटांनी एकच डिस्क समोर आली की लिनक्स तिला चार नावे देऊन मोकळा होतो: एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी. त्याच्या लेखी त्या चार डिस्क असतात.

याच्या वरच्या थरावर एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर बसतो. खऱ्या डिस्कांची जागा एकत्र करायची आणि तिच्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढून द्यायचे, हे त्याचे काम. त्याचा एक स्वभाव तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो डिस्कला बाहेरून मिळालेल्या नावावर विसंबत नाही. डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या सेक्टरांत त्याने स्वतःच एक खूण लिहून ठेवलेली असते, यूयूआयडी नावाची 32 अक्षरांची ओळख. सर्व्हर सुरू झाला की एलव्हीएम दिसतील ती सगळी साधने उघडून ही खूण शोधतो. चार नावांखाली तीच खूण सापडली की तो इशारा देतो: एकच डिस्क एकाहून जास्त ठिकाणी दिसते आहे.

म्हणून लिनक्सची ही चार नावे आणि एलव्हीएम यांच्या मध्ये मल्टिपाथ नावाचा थर लागतो. तो डिस्कचा हार्डवेअर ओळखक्रमांक वाचतो, चारही वाटा एकाच ठिकाणी जातात हे ओळखतो आणि वरच्या थराला एकच नाव दाखवतो. एलव्हीएमने या एका नावावर उभे राहायचे, खालच्या चार नावांपैकी कुणाला हात लावायचा नाही. तसा नियम त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये फिल्टर लिहून घालता येतो. वाटेचे सुटे नाव ओळखून बाजूला ठेवण्याची सोयही त्यात आहे. हे नीट केले नाही आणि व्हॉल्यूम चुकून थेट एसडीएवर उभा राहिला, तर दुर्दैवी प्रकार घडतो. एसडीएची केबल निघते, वाचन-लेखनाच्या चुका यायला लागतात, फाइल सिस्टिम स्वतःला केवळ-वाचनाच्या अवस्थेत टाकते. त्याच वेळी उरलेल्या तीन वाटा धडधाकट असतात आणि डिस्कवरचे एक अक्षरही बिघडलेले नसते. वस्तू शाबूत असून ती हरवल्यासारखी होते, कारण पाहणाऱ्याने वाटेलाच वस्तू मानले.

रचना बरोबर असेल तर फेलओव्हर, म्हणजे बंद पडलेली वाट सोडून दुसरी धरणे, शांतपणे पार पडतो. एका वाटेवरून गेलेली विनंती चूक घेऊन परत येते, मल्टिपाथ त्या वाटेवर ‘बंद’ अशी नोंद करतो आणि तीच विनंती दुसऱ्या वाटेने धाडतो. मधल्या क्षणी लिहायला पाठवलेले पोचले होते की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ते त्याच जागी पुन्हा लिहिले जाते. त्याच जागी तोच मजकूर दोनदा लिहिल्याने काही बिघडत नाही. लॉजिकल व्हॉल्यूमला या घडामोडीची खबरही नसते. वर चालणाऱ्या प्रोग्रामला फार तर काही सेकंदांचा खोळंबा जाणवतो.

आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त एक दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो कष्टी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला आणि ज्याला सोने हवे होते त्याला ना हर्ष ना खेद. एकाच घटनेत तिघांचे तीन अनुभव, आणि तिघेही खरे. जैन दर्शन सत् कशाला म्हणते ते यातून दिसते. उपजणे, नासणे आणि टिकणे ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी असतात. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने अस्तित्वाची व्याख्याच या तिहींनी केली आहे. फेलओव्हरच्या क्षणी नेमकी हीच तिन्ही हजर असतात. जुन्या वाटेची नोंद पुसली जाते, नव्या वाटेची चालू होते आणि डेटाबेसला सोनेच हवे असल्याने त्याचे काही जात नाही.

बौद्ध पंडित इथे अडवतील आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. एलव्हीएममध्ये पीव्हीमूव्ह नावाची आज्ञा आहे. चालू व्हॉल्यूमचा मजकूर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर तुकड्या-तुकड्याने हलवता येतो, वरचे काम न थांबवता. काम संपल्यावर जुनी डिस्क काढून भंगारात दिली तरी चालते. व्हॉल्यूमचे नाव तेच, ओळख तीच, अंगाचा मात्र एकही कण पूर्वीचा नाही. मग टिकले ते काय? नागसेनांनी मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? कशातच रथ सापडला नाही, तेव्हा रथ हे केवळ वापरापुरते नाव ठरले. लॉजिकल व्हॉल्यूमही असेच नाव आहे, असे म्हणता येईल. त्याच्या नावातला ‘लॉजिकल’ हा शब्दही तेच सुचवतो.

तरी हे उत्तर पुरे पडत नाही. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर कितव्या जागी आहे, याचा नकाशा एलव्हीएम जपतो. नकाशा नष्ट झाला की एकेक बिट जागच्या जागी असूनही व्हॉल्यूम नाहीसा होतो. ज्याच्या जाण्याने एवढे जाते ते निव्वळ नाव कसे? अवयवांची मांडणीही अवयवांइतकीच खरी असते, म्हणूनच एलव्हीएम हा नकाशा समूहातल्या प्रत्येक डिस्कवर लिहून ठेवतो आणि दर बदलाला त्याचा अनुक्रमांक एकाने वाढवतो. दोन डिस्कांवरचे नकाशे जुळले नाहीत तर कुठला ताजा, ते क्रमांकावरून कळते. नकाशा म्हणजे काही जैनांचे द्रव्य, म्हणजे टिकणारी मूळ वस्तू, नव्हे, पण बदलत्या अवस्थांमध्ये काहीतरी खरोखर टिकते, हा त्यांचा आग्रह इथे जास्त पटतो.

वाशिम जिल्ह्यात या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर इथे अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा आहे, आणि तिच्यावर दिगंबर व श्वेतांबर दोन्ही संप्रदायांची भक्ती आहे. मूर्ती एक, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. 1905 मध्ये दोघांच्या पूजेसाठी वेळापत्रकही ठरले. दर्शनापुरते ते चालू शकले असते. तंटा पेटला तो लेपावरून. मूर्तीला लेप करायचा तर तो कसा, त्यात कटिसूत्र, म्हणजे कमरेची दोरी, दाखवायचे की नाही, यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले, तिथला निकाल 1929 मध्ये लागला. निकालानंतरही मने जुळली नाहीत. 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये ते निघाले. चार दशकांहून अधिक काळ भाविकांच्या वाट्याला बंद दार आले. त्या काळात ज्या वृद्धांची यात्रा राहून गेली, त्यांच्यासाठी कुठलाही आदेश वेळेत आला नाही, हे विसरता कामा नये.

साठवणीच्या जगातही वाचणे आणि लिहिणे यांत असाच फरक आहे. दोन सर्व्हर एकाच व्हॉल्यूममधून वाचत असतील तर कुणाचे काही बिघडत नाही. दोघे आपापल्या समजुतीने लिहू लागले की थोड्या वेळात मजकुराची माती होते. म्हणून सामायिक एलव्हीएमला कुलूप सांभाळणारा वेगळा प्रोग्राम असतो. व्हॉल्यूम वापरायला खुला करण्याआधी त्याच्याकडून परवानगी घ्यावी लागते. आणि सगळ्याच वाटा बंद झाल्या तर काय, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. विनंत्या वाट खुली होईपर्यंत रांगेत थांबवायच्या, की ठराविक प्रयत्नांनंतर ‘जमत नाही’ असे स्पष्ट कळवायचे? बेमुदत थांबवले तर प्रोग्राम लटकून राहतात आणि सर्व्हर धड बंदही करता येत नाही. लगेच नकार दिला तर क्षणभराच्या अडथळ्यापायी चालू काम मोडते. कुठला पर्याय बरा, ते त्या कामाला काय जास्त सोसवते त्यावर ठरते. यंत्र ते ठरवू शकत नाही.

आता पुन्हा धवलेकडे, आणि वाशिम जिल्ह्यातल्याच कारंजा लाडकडे. दत्तभक्तांना हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. प्राकृत-अपभ्रंशाच्या अभ्यासकांना ते पोथ्यांमुळे ठाऊक आहे. बलात्कारगण आणि सेनगण या भट्टारक परंपरांची इथे पीठे होती आणि मंदिरांत बासनात बांधलेल्या पोथ्यांचा मोठा साठा होता. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हीरालाल जैन या साठ्यापर्यंत पोचले. षट्खंडागमकर्त्या पुष्पदंतांहून वेगळ्या अशा पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ हे अपभ्रंश ग्रंथ 1931 आणि 1933 मध्ये कारंजाच्या ग्रंथमालांतून छापून आले. पहिल्याचे संपादन प. ल. वैद्यांचे, दुसऱ्याचे हीरालाल जैन यांचे. त्यानंतर त्यांनी हाती घेतले ते धवलेचे संपादन.

धवलेच्या जुन्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या आणि शतकानुशतके त्या दर्शनापुरत्याच बाहेर निघत. एकच जागा, एकच दार. आग, पाणी, कसर, काहीही झाले असते तर ग्रंथ गेला असता. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांना ही भीती अस्वस्थ करत होती. त्यांच्या खटपटीतून नक्कल करण्याचे काम सुरू झाले, पण नक्कलही मूडबिद्रीतच ठेवायची अशी अट होती. नकलाकार गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने गुपचूप आणखी एक कन्नड प्रत केली आणि ती उत्तरेत सहारनपूरला पोचली. तिथे तिची नागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःजवळ एक प्रत ठेवली आणि तिच्यावरून ठिकठिकाणी प्रती गेल्या. अशीच एक प्रत कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. त्या गुप्त नकलेला चोरी म्हणावे की ग्रंथरक्षा, यावर मतभेद राहतील. पण लक्ष्मीबाईंनी केलेल्या साहाय्याचे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

हीरालाल जैन यांच्या पुढ्यात तीन प्रती होत्या: अमरावतीची, बिहारमधल्या आऱ्याची आणि कारंजाची. तीन गावे, तीन हस्ताक्षरे. पण तिन्हींचा उगम सीताराम शास्त्रींच्या एकाच प्रतीत. अशा तीन साक्षी एकमेकींशी जुळल्या तर त्यातून नव्याने काही सिद्ध होत नाही. वरच्या प्रतीत गळलेले अक्षर तिघींतही गळलेलेच असणार. स्टोरेजची नवी व्यवस्था लावणारे जाणकार हाच प्रश्न आधी विचारतात: चार वाटा आहेत खऱ्या, पण चारही एकाच स्विचमधून तर जात नाहीत ना? आणि वाटा खरोखर स्वतंत्र असल्या तरी दुसरी गोष्ट उरतेच. मल्टिपाथ वाट वाचवतो, मजकूर नाही. डिस्कवर चुकीचे लिहिले गेले असेल तर चारही वाटा तीच चूक तितक्याच इमानाने आणून देतात.

पोथीची ओळखही फसवी असू शकते. धवलेच्या शेवटी वीरसेनांची प्रशस्ती आहे. नकलाकाराने ग्रंथाबरोबर तीही उतरवली. त्यामुळे विसाव्या शतकातल्या कागदावरची प्रतही आपली ओळख सांगताना नवव्या शतकातली तिथी सांगते. यूयूआयडीचे तसेच होते. डिस्कची हुबेहूब प्रत काढली की आतली खूणही तिच्यावर जाते आणि एलव्हीएमला एका डिस्कच्या दोन वाटा आणि एका डिस्कच्या दोन प्रती यांतला भेद केवळ त्या खुणेवरून कळत नाही. तेव्हा हार्डवेअरचा क्रमांक बघावा लागतो, जसा पोथीच्या अभ्यासकाला कागद, शाई आणि अक्षराचे वळण बघावे लागते. मजकुराची ओळख एक, तो वाहणाऱ्या अंगाची ओळख दुसरी. दोन्ही जवळ असल्याशिवाय प्रत ओळखता येत नाही.

धवलेचा पहिला भाग 1939 मध्ये अमरावतीहून छापून निघाला. त्यात 93 व्या सूत्राशी संपादक अडले. मनुष्यिणी, म्हणजे मानवी स्त्री, हिच्या काही गुणस्थानांविषयीचे, म्हणजे आत्म्याच्या उन्नतीच्या पायऱ्यांविषयीचे, ते सूत्र. तिन्ही प्रतींत यादी ‘संजदासंजद’ या पाचव्या पायरीशी थांबत होती. पण सूत्रावरची वीरसेनांची टीका वाचली की तिच्यासमोर पुढची पायरी, ‘संजद’, हा शब्द होता असेच वाटत होते, आणि ग्रंथातल्या इतर विधानांशीही तेच जुळत होते. संपादकांनी मूळ पाठात ढवळाढवळ केली नाही. इथे ‘संजद’ गळलेला दिसतो, अशी तळटीप दिली. ‘संजदासंजद’ला लागून पुन्हा ‘संजद’ यायचा असेल तर नकलाकाराची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरणे किती सोपे, हे तो शब्द हाताने लिहून पाहणाऱ्याला लगेच कळेल.

तळटीपेवरून वादळ उठले. शब्द मान्य केला तर स्त्रीला पूर्ण संयम आणि पर्यायाने मोक्ष मिळू शकतो असे दिगंबर आगमातूनच निघेल, अशी धास्ती अनेक पंडितांना वाटली. सभा झाल्या, पुस्तिका निघाल्या. आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरण्याचे काम सुरू झाले होते, त्यालाही या वादाची झळ लागली. तांब्यावर कोरलेले खोडता येत नाही, म्हणून हा शब्द घ्यायचा की गाळायचा हा प्रश्न जास्तच तीव्र झाला.

दरम्यान मूडबिद्रीचे दार उघडले होते. तिथल्या भट्टारकांनी आणि पंचांनी सहकार्य दिले, छापील पाठ ताडपत्रांशी ताडून पाहता आला. ताडपत्रावर ‘संजद’ होता. तीन प्रती एकमुखाने जे सांगत होत्या ते चुकीचे होते आणि एकाही प्रतीत नसलेला, केवळ संदर्भावरून ओळखलेला शब्द बरोबर होता.

संपादनाला आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि कारंजाच्या आश्रमातले पं. देवकीनंदन शास्त्री यांचा हात लागला होता. सोळा भाग 1958 पर्यंत पुरे झाले. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने 1973 मध्ये पहिल्या भागाची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत मूडबिद्रीचे पाठ लक्षात घेतलेले आहेत. शब्दाची जागा आता ठरली आहे. त्या सूत्रातली मनुष्यिणी देहाने स्त्री समजायची की केवळ भाववेदाने, म्हणजे मनातल्या स्त्रीभावाने, यावर दिगंबर परंपरेचे पंडित दुसऱ्या अर्थाच्या बाजूने आहेत आणि श्वेतांबर परंपरा स्त्रीमुक्ती पहिल्यापासून मानत आली आहे. ताडपत्राने शब्द परत दिला. या वादात ते कुणाचीच बाजू घेत नाही.